पोळपाटावरचं दुसरं चरण

मलकापूरचा उन्हाळा ज्यानं अंगावर घेतला नाही, त्याला हे सगळं मी वाढवून सांगतेय असं वाटेल. वाटू दे. आमच्याकडे चैत्र संपता संपता कावळे उडायचं सोडून सावली-सावलीनं पायी चालू लागत, आणि गल्लीतल्या एका म्हशीनं भर दुपारी उकळलेलंच दूध दिलं असं शेजारपाजारची शहाणी माणसं सांगत. म्हशीचं मी स्वतः पाहिलेलं नाही. कावळ्यांबद्दल मात्र शपथ घ्यायला तयार आहे.

आमचं घर एका बाजूनं जिनिंगच्या भिंतीला टेकलेलं आणि दुसऱ्या बाजूनं रेल्वेकडे तोंड करून बसलेलं. जिनिंगमधून कापसाचा भुगा उडायचा तो थेट आमच्या वरणात उतरायचा. माठावरचं फडकं सकाळी पांढरं, संध्याकाळी गादी. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंकले की एक उशी भरेल एवढा कापूस निघायचा. आणि गाडी गेली की फळीवरची भांडी बोलायची. आईला घड्याळ लागत नसे. ताटं थरथरली की डाकगाडी, पातेली हलली की मालगाडी, आणि लोणच्याची बरणी सरकली की दोन इंजिनांची मालगाडी. त्या बरणीच्या खाली आई एक जुना मोजा घालून ठेवायची. जगातली सगळी माणसं त्या रुळांवरून कुठून कुठं तरी चालली होती आणि मी खिडकीच्या फटीतून त्यांचे नुसते कोपर मोजत होते.

खिडकी उघडायला मला बंदी होती. अकरावीचा निकाल लागला, गणितात मी वर्गात पहिली आले, आणि त्याच आठवड्यात आईचा भाऊ रंगनाथमामा उंद्रीहून वांग्यांचं गाठोडं आणि एक स्थळ घेऊन आला. वांगी फार चांगली होती.

"ताई, असं घर दिवा घेऊन शोधलं तं सापडत नाही," मामा पाय धुता धुता म्हणाला. "लोणारचे सरोदे मास्तर. बायको वारली, एकुलता एक पोट्टा, तो एसटीत कारकून. आन् मास्तर गणिताचे. आपल्या शैलीले गणित येते, सासऱ्याले गणित येते. घरात भांडणच नाही."

"गणित आलं म्हणजे भांडण होत नाही काय रे?" आईनं विचारलं.

"काऊन होईन? उत्तर तं एकच असते."

अण्णा तहसील कचेरीत कारकून होते आणि कचेरी घरी घेऊन येत. भाजी अळणी झाली तर "सदर भाजीत मीठ कमी असल्याचे आढळून येते" असं म्हणत आणि आई मीठ समोर आपटून त्याची पोच देई. आवाज असा की त्यांनी दारातून मला हाक मारली की फलाटावरच्या तीन-चार शैला वळून पाहत. मला बारावी करायची होती आणि पुढे गणित घेऊन बीएस्सी. त्यांनी माझा हा विनंतीअर्ज तोंडी ऐकून घेतला आणि मामाच्या देखत निकाल दिला.

"लोणारवाल्याईचा होकार आला, तं अक्षता. नकार आला, तं बारावी. आता मास्तर मुलगी पाहायले जाते तवा सुई ओवायले लावत नाही, चालून दाखव म्हणत नाही. गणित घालते. अख्ख्या जिल्ह्याले माहीत हाये. ते गणित हिले आलं नाही तं बारावी बी नाही. मी कचेरीत सांगून बसलो की पोरगी गणितात वाघ हाये. वाघाले साधं गणित येत नसन तं त्यानं कॉलेजात काय भाजी निवडाले जावं?"

आता तुम्हीच बघा मी कुठे येऊन अडकले. गणित सोडवलं तर सून. नाही सोडवलं तर चूल. मी त्या रात्री अंथरुणात दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून भिंत लागली. एका बाजूची भिंत जिनिंगची असल्यामुळे ती गरमही होती.

मग सुरू झाला माझा तुरुंगवास. ऊन लागून काळी पडेल म्हणून बाहेर जायचं नाही. कापूस केसांत बसेल म्हणून खिडकी बंद. सकाळी बेसन, दुपारी साय, संध्याकाळी हळद. माझ्या तोंडावर एवढं बेसन खपलं की त्यात एका लग्नाची भजी झाली असती. आणि वाचून डोळे खोल जातात म्हणून आईनं माझं गणिताचं पुस्तक उचललं आणि स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या कोठीत, हात खांद्यापर्यंत घालून, तळाशी पुरून टाकलं. कोठी पत्र्याची, माझ्याएवढी उंच. तिच्या झाकणावर आई बसली की ती सरकारी तिजोरी.

"आई, गणित विचारणार हायेत ते. पुस्तकाशिवाय करू काय मी?"

"पहिली आलीस ना? मग डोक्यात असन. डोकं काई मी कोठीत नाही टाकलं. कणीक मळ."

खरी अडचण अशी की ते डोक्यात नव्हतं. मी पहिली आले होते ती पाठांतरावर. त्रिकोणमितीच्या सगळ्या नित्य समानता मला आरतीसारख्या येत. टाळ्या वाजवत म्हणायला सांगितल्या असत्या तर घंटानादासकट म्हटल्या असत्या. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर एक, एक अधिक टॅन वर्ग बरोबर सेक वर्ग, आणि पुढचं कडवं. पण आरती जशी मधूनच सुरू करता येत नाही, तशा ह्याही मधून सुरू होत नसत. पुस्तक गेलं तशी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडवी गळू लागली. अधिक होतं की वजा? वर कोण, खाली कोण? मी पोळ्या लाटता लाटता घामाघूम व्हायचे आणि आई म्हणायची, चुलीपासून जरा लांब बस.

शाळेत शेवटच्या आठवड्यात सरांनी घाईघाईत फळ्यावर एक वर्तुळ काढलं होतं. एकक वर्तुळ म्हणाले. त्रिज्या एक. परीक्षेला येणार नाही, असंही म्हणाले, त्यामुळे वर्गातल्या कुणीही ते पाहिलं नाही. मीही अर्धंच पाहिलं होतं. ते अर्धं वर्तुळ एका दुपारी मला पोळपाटावर दिसलं.

आमचा पोळपाट सागाचा, जाड, तीन पायांचा. कंपासपेटी कोठीत गेली नव्हती. आईला वाटलं ती शिवणाची आहे. त्यातलं कर्कटक काढलं आणि आई पापड घालायला वर गेलेली बघून मी पोळपाटावर मधोमध एक आडवी आणि एक उभी रेघ खोल कोरली. चार वाटे झाले. ह्या वाट्यांना चरण म्हणतात. पहिलं उजवीकडे वर, दुसरं डावीकडे वर, मग तसंच खाली फिरत तिसरं आणि चौथं. लाटण्याचं एक टोक मधोमध ठेवलं, दुसरं फिरवलं, आणि जिथं ते कडेला भिडेल तिथं कणकेची गोळी चिकटवली. त्रिज्या एक. एक काय? एक अर्धा पोळपाट. गोळी आडव्या रेघेपासून किती उंच, तो साइन. उभ्या रेघेपासून किती लांब, तो कॉस. संपलं. माझी सगळी आरती त्या एका गोळीत होती. उंचीचा वर्ग आणि लांबीचा वर्ग मिळवला की लाटण्याचा वर्ग येणारच, दुसरं येईल कुठून? सगळ्याला कॉस वर्गानं भागलं की दुसरं कडवं आपोआप बाहेर. पाठ करायला काही शिल्लकच राहिलं नाही. मी लाटणं फिरवत बसले. नव्वदच्या पुढे गेलं की गोळी डावीकडे उतरायची आणि कॉस वजा व्हायचा. मला ते फार आवडलं. नव्वदच्या पलीकडे एवढी जागा आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझी नात आता मोबाइलवर बोट फिरवते आणि ते वर्तुळ रंगीत होऊन गरगरतं. ती म्हणते, आजी, बघ किती सोपं. मी बघते. पण त्यातून पोळी निघत नाही.

रात्री जेवताना अण्णांनी पोळी उचलली आणि दिव्याकडे धरली.

"सदर पोळीवर फुली असल्याचे आढळून येते."

"काऊन वं शैले?" आई माझ्याकडे वळली. "पोळपाट कोरला? माझ्या माहेरचा पोळपाट?"

"लाकूड उकललं आई. उन्हानं."

"उन्हानं लाकूड उकलते, काटकोनात उकलत नाही," अण्णा म्हणाले आणि खाऊन टाकली. त्यानंतर महिनाभर आमच्या घरातली प्रत्येक पोळी चार चरणांची होती.

पाहुणे आले त्या दिवशी ऊन एवढं होतं की मामाच्या म्हणण्याप्रमाणे एसटीचं चाक मोताळ्याजवळ डांबरात रुतलं आणि ड्रायव्हरनं ते उलथण्यानं सोडवलं. सरोदे मास्तर उंच, कोरडे, धोतराच्या निऱ्या पट्टीनं आखल्यासारख्या. त्यांच्या मागं दिलीप, त्यांचा मुलगा, बसच्या तिकिटासारखा हातात चुरगळलेला. बैठकीत जाजम, लोडाला नवे अभ्रे. मास्तर बसले आणि आधी लोणारच्या तळ्याचं सांगू लागले. "आमच्या गावात देवानंच वर्तुळ काढून ठेवलं हाये. चाळीत बसून भूमिती शिकवणारे आम्ही नाही." अण्णांनी मान डोलावली. मामानं दोनदा डोलावली.

मी पोह्यांचं ताट घेऊन गेले. हळद तोंडावर होती तेवढीच पोह्यात होती. नाव विचारलं, सांगितलं. मास्तरांनी पोह्यातली मिरची बाजूला काढली, हात पुसला आणि डोळे मिटून म्हणाले, "सिद्ध कर. एक वजा साइन वर्ग थीटा, याचं वर्गमूळ, बरोबर कॉस थीटा."

अण्णांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. एवढं तर त्यांनाही पाठ झालं होतं, मी महिनाभर पुटपुटत होते त्यामुळे. एक वजा साइन वर्ग म्हणजे कॉस वर्ग, त्याचं मूळ कॉस. दोन ओळी. दोन ओळी म्हटल्या की लोणार. तोंड बंद ठेवलं की चूल. मी ताटाकडे बघत उभी राहिले. बाहेरून डाकगाडी गेली, ताटं थरथरली, आणि त्या थरथरीत माझ्या डोक्यातली कणकेची गोळी हळूच सरकून डावीकडे गेली.

"मास्तर," मी म्हणाले, "हे सिद्ध होत नाही."

"येत नाही?"

"येते. पण होत नाही. प्रश्न चूक हाये."

मामाचा पाण्याचा घोट नाकात गेला. अण्णा अर्धे उठले. मला आतून गुदगुल्या होत होत्या, कारण मला तिसरं दार सापडलं होतं. गणित मला येत होतं, म्हणजे वाघाची लाज राहिली. आणि मास्तरांना त्यांच्याच प्रश्नावर खोटं पाडलं, म्हणजे नकार नक्की. असा अपमान गिळून कोण सून करून नेतं?

"आई, पोळपाट दे," मी आत हाक मारली.

"आता?" आईचा आवाज.

"लाटणं बी."

आईनं पोळपाट दारातून पुढे सरकवला. मी तो जाजमावर मास्तरांपुढं ठेवला, कणकेची गोळी कडेला लावली आणि लाटणं फिरवून दीडशे अंशांवर आणलं.

"ही उंची अर्धी. बरोबर?"

"बरोबर."

"अर्ध्याचा वर्ग पाव. एक वजा पाव, पाऊण. पाऊणचं वर्गमूळ अधिकच येणार. पण गोळी पाहा कुठं हाये. रेघेच्या डावीकडे, दुसऱ्या चरणात. तिचा कॉस वजा. मग अधिक आणि वजा सारखे कसे, मास्तर? तुमचं उजव्या अर्ध्यात खरं. डावीकडे नाही."

मास्तर वाकले. चष्मा काढला, पुसला, घातला. जिनिंगसुद्धा थांबलं होतं, असं मी सांगते, आणि ज्याला मानायचं नाही त्यानं मानू नये. मास्तरांनी आयुष्यभर दहावीला शिकवलं होतं. दहावीत थीटा काटकोन त्रिकोणात राहतो आणि नव्वदच्या आत गुण्यागोविंदानं नांदतो. त्याला बाहेर पडायची वेळच येत नाही, आणि त्याच्याबरोबर मास्तरही कधी बाहेर पडले नव्हते.

"पुढं फिरव," ते हळूच म्हणाले.

मी फिरवलं. तिसरं चरण, चौथं. त्यांनी लाटणं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः फिरवू लागले, लहान पोर भोवरा फिरवतं तसे, जीभ ओठात धरून.

"तीनशे साठच्या पुढं गेलं तं?"

"परत तेच, मास्तर. फिरून तिथंच येते."

"फिरून तिथंच," ते म्हणाले, आणि अण्णांकडे वळले. त्यांचे डोळे भरलेले होते. "पोरगी पसंत हाये. हुंडा नको, काई नको. हा पोळपाट तेवढा संगं द्या."

माझ्या पायाखालची फरशी गरम झाली की गार, ते आता आठवत नाही. मामानं अण्णांना मिठी मारली. अण्णांचा आवाज सुटला आणि फलाटावर बातमी पोचली. मी महिनाभर ज्या दाराला हात लावायचा नाही म्हणून तिसरं दार शोधलं, ते फिरून त्याच खोलीत उघडलं होतं. मी जाजमाच्या कडेला उभी होते आणि कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. कुणीही म्हणजे दिलीप सोडून.

"बाबा," तो म्हणाला. इतक्या वेळात त्याचा पहिला शब्द. "मी नाही म्हणतो."

"काय नाही म्हणतो बे?"

"लगन." त्याच्या कपाळावर घाम होता, पण आवाज थरथरला नाही. "मी जेवाले बसलो की तुम्ही ताटात कोन काढता. पापडाचा व्यास मोजता. आई होती तवा ती तरी वरण वाढून मधी पडे. आता तुम्ही इकडून कोन काढान, आन् ह्या तिकडून तुमचा कोन चूक काढतीन. मी जेवू कवा?" मग माझ्याकडे न बघता, पण माझ्याशीच बोलल्यासारखा, "याईच्यात खोट नाही. मलेच नव्वदच्या आत राहायचं हाये."

जेवढ्या माणसांनी मला त्या उन्हाळ्यात पाहिलं, त्यांतलं हे एकच माणूस मला कळलं. त्याच्या घरातही खिडकी बंद होती.

मग गोंधळ झाला. मामा म्हणाला, पोट्ट्याचं काय मनावर घेता, पोट्टे सुरवातीला असेच म्हणते. मास्तर पोळपाट सोडायला तयार नव्हते. आणि अण्णा मधोमध उभे राहून कचेरीत गेले. "सदर प्रकरणी वडलाईचा होकार, मुलाचा नकार. होकार ग्राह्य धरावा की नकार, याबाबत—"

"नकार आला," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली.

सगळे वळले. पाहुण्यांसमोर आई बोलायची नाही. तिनं पदर दातात धरला होता म्हणून आवाज थोडा जाड येत होता.

"तुम्हीच म्हणाले होते, होकार आला तं अक्षता, नकार आला तं बारावी. संसार पोट्ट्याले करायचा हाये, मास्तराईले नाही. पोट्टा नाही म्हणाला. मी कानानं ऐकलं." ती मास्तरांकडे वळली. "दुसरे पोहे वाढू?"

मास्तरांनी दुसरे पोहे खाल्ले. मिरच्यांसकट. अण्णा खुर्चीत बसले आणि त्यांच्याजवळ पहिल्यांदाच सदर, प्रकरणी, याबाबत यांतलं काहीच शिल्लक नव्हतं.

पाहुणे उन्हं उतरल्यावर गेले. मामा त्यांना स्टँडवर सोडायला गेला, आणि जाताना वांग्यांचं रिकामं गाठोडं न मागताच गेला, इतका तो खचला होता. मी ताटं घासायला आत आले तर आई कोठीचं झाकण काढून तिच्यावर वाकलेली. हात खांद्यापर्यंत ज्वारीत. गाल पत्र्याला टेकलेला. तळाशी चाचपडत होती, तोंड वाकडं करून, आणि दाणे तिच्या बांगड्यांत अडकत होते. शेवटी तिनं पुस्तक ओढून काढलं. झटकलं. पानापानातून ज्वारी गळली. त्रिकोणमितीच्या धड्यातून सगळ्यात जास्त.

"धर."

मी धरलं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तिनं आधीच पोळपाट माझ्यापुढं आपटला.

"तो धू आधी. मास्तरानं लय हात लावले. रात्रीच्या पोळ्या व्हायच्या हायेत."

खिडकी उघड, असं काही ती म्हणाली नाही. मी उघडलीही नाही त्या दिवशी. चुलीजवळ बसून नेहमीएवढ्याच पोळ्या लाटल्या, नेहमीसारख्याच चार चरणांच्या, आणि पुस्तक मांडीखाली दाबून ठेवलं, कुणी परत पुरू नये म्हणून. अण्णा जेवायला बसले. पोळी हातात घेतली, दिव्याकडे धरली, फुलीकडे बराच वेळ बघत राहिले. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते.

एरवी ते पोळी उजवीकडून तोडत. त्या रात्री त्यांनी ती नीट गोल फिरवून सरळ केली, आणि पहिला घास दुसऱ्या चरणातून तोडला.